पेनड्राइव्ह लिनक्सला जोडला की 'परवानगी नाही' का येतं? – फाइल परमिशनचा सोपा पाठ



शाळेतले जुने संगणक आता उबुंटू, लिनक्स मिंट किंवा सी-डॅकने तयार केलेल्या बॉस लिनक्सवर चालताना दिसतात. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ही संख्या वाढेलच. लिनक्सवर बाकी सगळं सुरळीत चालतं. पण एक अडचण हमखास विचारली जाते. पेनड्राइव्ह लावला, तो दिसला, फाइलही उघडली, पण नवीन फाइल टाकायला गेलं की 'परमिशन डिनाइड'.

अशा वेळी दोन उपाय सर्रास सुचवले जातात. पहिला, "पेनड्राइव्ह खराब झालाय, फॉरमॅट मारा." दुसरा, "७७७ देऊन टाका, सगळं मोकळं होतं." पहिल्या उपायात मुलांचे वर्षभराचे फोटो, प्रकल्प, निकालपत्रकं जातात. दुसरा उपाय बऱ्याचदा चालतच नाही, आणि चालला तर नको ते उघडं पडतं. दोन्हींची गरज नसते. त्या पेनड्राइव्हवर परवानगी नेमकी कुठे लिहिलेली आहे, एवढं कळलं की पुढचा उपाय आपोआप सुचतो. आजच्या पाठाचा मुद्दा हाच आहे.

एक सूचना आधीच: या लेखात आज्ञा आपण जशा वाचतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या. 'सीएचमॉड' लिहिलंय तिथे सी, एच, एम, ओ, डी ही पाच अक्षरं एकत्र.

१. परवानगी म्हणजे काय?

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलबद्दल तीन गोष्टी विचारल्या जातात. मालक कोण? गट कोणता? आणि मालक, गट व इतर या तिघांना काय काय करता येईल?

करता येण्यासारख्या गोष्टीही तीनच आहेत:

- वाचणे – खूण 'आर', गुण ४
- लिहिणे, म्हणजे बदलणे – खूण 'डब्ल्यू', गुण २
- चालवणे – खूण 'एक्स', गुण १

गुणांची बेरीज केली की एक अंक मिळतो. वाचणे आणि लिहिणे म्हणजे ४ + २ = ६. तिन्ही असतील तर ७. फक्त वाचणे असेल तर ४. मालक, गट, इतर असे तीन अंक ओळीने लिहिले की परवानगी तयार. ६४४ चा अर्थ काय? मालकाला वाचता-लिहिता येतं, बाकी सगळ्यांना नुसतं वाचता येतं. ७५५ म्हणजे मालकाला सगळं, बाकीच्यांना वाचणे आणि चालवणे. ७७७ म्हणजे आओ जाओ घर तुम्हारा!

फोल्डरच्या बाबतीत 'एक्स'चा अर्थ थोडा वेगळा होतो, इकडे लक्ष द्या. फोल्डर काही 'चालवता' येत नाही. तिथे एक्स म्हणजे आत पाऊल टाकण्याची परवानगी. फोल्डरला 'आर' आहे पण 'एक्स' नाही, तर आतल्या फाइलींची नावं कळतील पण एकही फाइल उघडणार नाही. वर्गाबाहेरच्या फलकावरची यादी वाचता येते, पण दार बंद आहे, असं समजा. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आणखी एक. नवीन फाइल तयार करणं किंवा असलेली पुसून टाकणं, याची परवानगी त्या फाइलवर ठरत नाही. ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या 'डब्ल्यू' आणि 'एक्स'वर ठरते. म्हणून पेनड्राइव्हवरची फाइल वाचता येते, पण नवीन टाकता येत नाही, असं होऊ शकतं.

२. माउंट म्हणजे काय?

विंडोजमध्ये पेनड्राइव्ह लावला की 'ई' किंवा 'एफ' असा नवा ड्राइव्ह दिसतो. लिनक्समध्ये सगळ्या फाइलींचं एकच झाड असतं. पेनड्राइव्ह लावला की त्याच्यावरच्या फाइली त्या झाडाच्या एका फांदीला जोडल्या जातात. या जोडण्याला माउंट करणं म्हणतात आणि ज्या फोल्डरवर जोडलं त्याला माउंट पॉइंट.

उबुंटू आणि मिंटमध्ये ही जागा बहुधा 'मीडिया' फोल्डरात, तुमच्या लॉगिनच्या नावाच्या फोल्डरखाली असते. फेडोरासारख्या प्रणालींत ती 'रन' फोल्डरातल्या 'मीडिया'मध्ये असते. पेनड्राइव्ह लावल्यावर हे काम 'यूडिस्क्स' नावाची सेवा पडद्यामागे करते, म्हणून आपल्याला काही करावं लागत नाही.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली: माउंट पॉइंटचं रिकामं फोल्डर आणि जोडल्यानंतरचा पेनड्राइव्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोडण्यापूर्वी त्या फोल्डरला कितीही परवानग्या दिल्या तरी पेनड्राइव्ह वर बसला की त्या झाकल्या जातात. टेबलावर चादर अंथरली की टेबलाचा रंग दिसत नाही, तसंच.

दुसरी: उबुंटूसारख्या प्रणालीत यूडिस्क्स पेनड्राइव्ह जोडते ती त्या वेळी लॉगिन असलेल्या व्यक्तीसाठी. समजा 'शिक्षक' या खात्यात पेनड्राइव्ह लावला आणि तसाच ठेवून 'स्विच यूजर' करून 'विद्यार्थी' खातं उघडलं. आता मुलांना तो पेनड्राइव्ह उघडणार नाही, कारण तो शिक्षकांच्या नावाच्या फोल्डरात जोडलेला आहे आणि त्या फोल्डरात इतरांना प्रवेश नाही. यात बिघाड काही नाही. शिक्षक खात्यातून पेनड्राइव्ह इजेक्ट करा, विद्यार्थी खात्यात पुन्हा लावा.

३. आधी पेनड्राइव्हचा प्रकार बघा

परवानगीचा प्रश्न आला की पहिला सवाल हा विचारायचा: हा पेनड्राइव्ह कोणत्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट केलेला आहे? फाइल सिस्टिम म्हणजे पेनड्राइव्हवर नोंदी ठेवायची पद्धत. आपल्याकडे येणाऱ्या पेनड्राइव्हमध्ये मुख्यतः चार पद्धती दिसतात:

- फॅट३२ – १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. जवळजवळ सगळीकडे चालते. टीव्ही, प्रोजेक्टर, झेरॉक्सवाल्याचा संगणक. एक मर्यादा: एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही.
- एक्सफॅट – २००६ ची. मोठ्या पेनड्राइव्ह आणि कार्डांवर असते. लिनक्सच्या कर्नलमध्ये तिचा आधार २०१९ मध्ये, ५.४ या आवृत्तीपासून आला. म्हणून फार जुन्या लिनक्सवर असा पेनड्राइव्ह उघडतच नाही. तिथे वेगळं पॅकेज घालावं लागतं.
- एनटीएफएस – विंडोजच्या हार्ड डिस्कची पद्धत. बाहेरून जोडायच्या मोठ्या डिस्कवर बऱ्याचदा हीच असते.
- ईएक्सटी४ – लिनक्सची स्वतःची पद्धत, २००८ पासून स्थिर.

कोणती आहे ते 'डिस्क्स' नावाच्या ॲपमध्ये पेनड्राइव्हवर क्लिक केलं की दिसतं. टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके -एफ' ही आज्ञा दिली तरी यादी मिळते.

आता या पद्धतींत फरक काय, ते आपल्याच हजेरीपत्रकावरून समजून घेऊया.

४. फॅट३२ आणि एक्सफॅट: मालकाचा रकानाच नसलेलं रजिस्टर

एका रजिस्टरात फाइलचं नाव, आकार, तारीख असे रकाने आहेत, पण 'मालक' आणि 'परवानगी' हे रकानेच छापलेले नाहीत. फॅट३२ आणि एक्सफॅट अगदी असे आहेत. या पद्धती एका माणसाच्या संगणकासाठी जन्मल्या. त्यात मालक लिहायची गरजच नव्हती.

पण लिनक्सला तर प्रत्येक फाइलचा मालक हवाच. मग तो काय करतो? पेनड्राइव्ह जोडताना, म्हणजे माउंटच्या वेळी, सगळ्या फाइलींना मिळून एकच मालक आणि एकच परवानगी मानून घेतो. हे पेनड्राइव्हवर कुठेही लिहिलं जात नाही. काढला की विसरला.

म्हणून प्रश्न उरतो तो एवढाच: जोडताना मालक कोणाला मानलं?

*आपोआप जोडला तर:* यूडिस्क्स लॉगिन केलेल्या व्यक्तीला मालक मानते. म्हणून फॅटचा पेनड्राइव्ह नुसता लावला तर सहसा काहीच अडचण येत नाही.

*टर्मिनलमधून 'सुडो माउंट' करून जोडला तर:* आज्ञा देणारा 'रूट' असतो, म्हणजे संगणकाचा सर्वाधिकारी. मग सगळ्या फाइलींचा मालक रूट! परवानगी साधारण ७५५. आपण पडलो 'इतर' या रांगेत; म्हणजे वाचता येतं, लिहिता येत नाही. 'परमिशन डिनाइड'चं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

मग माणूस वैतागून 'सुडो सीएचमॉड ७७७' देतो. आज्ञा निमूट पूर्ण होते, चूक दाखवत नाही, आणि बदलत मात्र काहीच नाही! कारण उघड आहे. बदल लिहायला रकानाच नाही. मालक बदलायची 'सीएचओन' ही आज्ञा दिली तर मात्र ती सरळ सांगते, 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. सुडो लावूनही तेच. इथे अधिकार कमी पडलेला नाही, जागाच नाही.

उपाय म्हणजे पेनड्राइव्ह काढून (अनमाउंट करून) पुन्हा जोडायचा, आणि जोडतानाच मालक सांगायचा:

सुडो माउंट -ओ यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,डीमास्क=०२२,एफमास्क=१३३ /डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी/पेन

एकेक तुकडा बघूया.

'यूआयडी=१०००' म्हणजे मालकाचा क्रमांक. उबुंटू, मिंट, फेडोरा यांत संगणकावर तयार झालेल्या पहिल्या वापरकर्त्याला बहुधा १००० हा क्रमांक मिळतो. तुमचा क्रमांक 'आयडी' ही दोन अक्षरी आज्ञा दिल्यावर कळतो. 'जीआयडी' म्हणजे गटाचा क्रमांक.

'मास्क' म्हणजे झाकण. सुरुवात ७७७ पासून होते आणि मास्क त्यातल्या काही परवानग्या झाकतो. 'डीमास्क' फोल्डरसाठी, 'एफमास्क' फाइलींसाठी. ०२२ ने गटाचा आणि इतरांचा 'लिहिणे' झाकला, उरले ७५५. १३३ ने मालकाचा 'चालवणे' झाकला आणि बाकीच्यांचे 'लिहिणे' व 'चालवणे' दोन्ही, उरले ६४४.

दोन वेगळे मास्क कशाला, असं कुणीही विचारेल. फोल्डरला 'एक्स' लागतो म्हणून! १३३ हाच मास्क फोल्डरलाही लावला तर फोल्डर ६४४ होईल आणि मग यादी दिसेल, दार उघडणार नाही. वरचा फलकाचा दाखला आठवा.

'/डेव्ह/एसडीबी१' हे पेनड्राइव्हचं त्या वेळचं नाव. प्रत्येक संगणकावर ते वेगळं असू शकतं, म्हणून 'एलएसबीएलके'ने खात्री करून मगच टाइप करा. शेवटचा '/एमएनटी/पेन' हा माउंट पॉइंट. ते फोल्डर आधी तयार केलेलं हवं.

आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना एवढं करायची गरजच नाही. टर्मिनलमधून जोडलेला पेनड्राइव्ह अनमाउंट करा, बाहेर काढा, पुन्हा लावा आणि फाइल मॅनेजरला जोडू द्या. नव्वद टक्के काम तिथेच होतं म्हणायला हरकत नाही.

फॅटबद्दल जाता जाता तीन गोष्टी:

- घरच्या फोल्डरातून कॉपी करताना 'फेल्ड टू प्रिझर्व्ह ओनरशिप' असा संदेश आला तर घाबरू नका. फाइल कॉपी झालेली असते; फक्त तिचा मालक तिथे नोंदवता आला नाही.
- फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम किंवा फुली-ताऱ्यासारखी खूण असेल तर फॅटवर ती जात नाही. 'पाणी का वाहतं?' असं नाव मुलांनी दिलं असेल तर प्रश्नचिन्ह काढा. हा परवानगीचा प्रश्न नव्हेच.
- पेनड्राइव्हवर '.ट्रॅश-१०००' असं लपलेलं फोल्डर विंडोजवर दिसतं आणि लोक त्याला व्हायरस समजतात. तो लिनक्सवर पुसलेल्या फाइलींचा कचराडबा आहे, आणि १००० हा पुसणाऱ्याचा क्रमांक! डबा रिकामा केला की अडलेली जागा मोकळी होते.

५. ईएक्सटी४: मालकाचा रकाना आहे, पण त्यात हजेरी क्रमांक आहे

ईएक्सटी४ च्या रजिस्टरात मालक आणि परवानगी हे रकाने आहेत. इथे परवानग्या पेनड्राइव्हवरच लिहिल्या जातात आणि पेनड्राइव्हबरोबर फिरतात. मग तर सगळं छान व्हायला हवं. पण गंमत अशी की मालकाच्या रकान्यात नाव लिहिलेलं नसतं. असतो फक्त क्रमांक.

आता आपल्या शाळेचा विचार करा. चौथीच्या वर्गात हजेरी क्रमांक ७ म्हणजे एक मूल, पाचवीच्या वर्गात हजेरी क्रमांक ७ म्हणजे वेगळंच मूल. वहीवर नुसतं '७' लिहून ती दुसऱ्या वर्गात पाठवली तर ती तिथल्या सात नंबरच्या मुलाची ठरेल. ईएक्सटी४ चा पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर नेला की अगदी हेच घडतं.

घरच्या संगणकावर तुम्ही क्रमांक १०००. शाळेच्या संगणकावर १००० आहे 'विद्यार्थी' हे खातं आणि तुम्ही १००१. तुम्ही घरून आणलेल्या सगळ्या फाइली शाळेत 'विद्यार्थी' या मालकाच्या दिसतील. तुम्हाला त्या बदलता येणार नाहीत, मुलांना मात्र येतील! आणि त्या क्रमांकाचं कुणीच त्या संगणकावर नसेल तर मालकाच्या जागी नावाऐवजी नुसता आकडा दिसेल. 'एलएस -एल' ही आज्ञा देऊन पाहा. आकडा दिसला की समजायचं, ही वही दुसऱ्या वर्गातली आहे.

इथे 'सीएचओन' खरंच चालते, कारण रकाना आहे. पेनड्राइव्ह जोडलेला असताना:

सुडो सीएचओन -आर १००१:१००१ /मीडिया/शिक्षक/पेन

'-आर' इथे मोठ्या लिपीतला आर आहे. त्याचा अर्थ आतल्या सगळ्या फाइलींसह. पण पुन्हा घरी गेल्यावर उलटा प्रश्न येईल, हे ध्यानात घ्या. नेहमीच दोन संगणकांवर काम असेल तर दोन्हीकडे तुमच्या खात्याचा क्रमांक एकच असेल असं खातं तयार करताना पाहणं, हा कायमचा उपाय. ही आज्ञा पत्ता नीट तपासूनच द्या. चुकून मूळ फोल्डरवर चालली तर संगणकच बिघडतो.

नवा पेनड्राइव्ह टर्मिनलमधून ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट केला तरी हाच अनुभव येतो. फॉरमॅट रूटने केलं म्हणून सगळ्यात वरचं फोल्डर रूटच्या मालकीचं. कोरा करकरीत पेनड्राइव्ह, पण लिहिता येत नाही. एकदा सीएचओन केलं की झालं. आत 'लॉस्ट+फाउंड' नावाचं न उघडणारं फोल्डर दिसेल, ते असूद्या. डिस्क तपासताना सापडलेले तुकडे ठेवायची ती जागा आहे.

आणि एक धोक्याची सूचना. ईएक्सटी४ चा पेनड्राइव्ह विंडोजला लावला तर विंडोज म्हणतं, "वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करावी लागेल." इथे 'फॉरमॅट' दाबू नका, 'कॅन्सल' दाबा. आत सगळं शाबूत आहे; विंडोजला ती लिपी वाचता येत नाही, एवढंच. कार्यालयात, झेरॉक्सच्या दुकानात, सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर घाईत हेच बटण दाबलं जातं आणि डेटा जातो.

६. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' हा वेगळा आजार

संदेश नीट वाचायची सवय आपण मुलांना लावतो, ती इथे आपल्यालाच उपयोगी पडते. 'परमिशन डिनाइड' आणि 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसऱ्या तक्रारीत अख्खा पेनड्राइव्हच 'फक्त वाचा' अशा अवस्थेत जोडलेला असतो. मग मालक कुणीही असो, रूट असो, सीएचमॉड असो, काहीच चालत नाही. कारणं साधारण चार:

१. पेनड्राइव्ह आधी इजेक्ट न करता ओढून काढलेला असतो. नोंदी अर्धवट राहतात आणि लिनक्सला त्यात गडबड दिसली की अधिक नुकसान नको म्हणून तो लिहिणं थांबवतो. आधी सगळं दुसरीकडे कॉपी करून घ्या, मग 'डिस्क्स' ॲपमधून 'रिपेअर फाइलसिस्टिम' करा.

२. एनटीएफएसची डिस्क विंडोजने पूर्ण बंद केलेली नसते. हायबरनेट किंवा 'फास्ट स्टार्टअप'मुळे विंडोज अर्धी झोपेत असते आणि डिस्कवर आपलं सामान मांडून ठेवते. त्याच विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, संगणक नीट शटडाउन करा.

३. मेमरी कार्डाच्या ॲडॉप्टरवरची बाजूची छोटी पट्टी 'लॉक'कडे सरकलेली असते. हसू नका, हे खूपदा होतं.

४. पेनड्राइव्हची चिप म्हातारी झालेली असते. शेवटी शेवटी काही पेनड्राइव्ह स्वतःच लिहिणं बंद करतात. वाचता येतंय तोवर सगळं उतरवून घ्या आणि त्याला निवृत्ती द्या.

पहिलं कारण टाळायला एकच सवय पुरते. कॉपीची पट्टी भरली म्हणजे काम संपलं असं नाही. लिनक्स आधी मेमरीत घेतो आणि मागून निवांत पेनड्राइव्हवर लिहितो. म्हणून नेहमी इजेक्ट करा, आणि 'आता काढू शकता' असं म्हणेपर्यंत थांबा.

७. ७७७ का द्यायचं नाही?

फॅटवर ७७७ चा उपयोग नाही, हे पाहिलंच. ईएक्सटी४ वर तो चालतो, आणि म्हणूनच जपायचं. ७७७ दिलेल्या फोल्डरात संगणक कक्षातलं कुठलंही खातं कुठलीही फाइल बदलू किंवा पुसू शकतं. एका तासाला तीस मुलं बसणाऱ्या संगणकावर याचा अर्थ काय होतो, हे शिक्षकांना सांगायला नको.

गटाने काम करायचं असेल तर त्यासाठी 'गट' हा रकाना आहेच. 'प्रकल्प' नावाचा गट करा, त्यात हवी ती खाती घाला, फोल्डरला ७७० द्या. मालक आणि गट यांना सगळं, बाकीच्यांना काही नाही.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि माझ्या मते या पाठातली ती सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. परवानगी म्हणजे कुलूप नव्हे. पेनड्राइव्हवरच्या फाइलला ६०० दिलं, म्हणजे फक्त मालकच वाचेल असं वाटतं. पण तो पेनड्राइव्ह कुणी स्वतःच्या संगणकाला लावला की तिथला रूट तो स्वतः असतो. रूटला कुणी अडवत नाही. फॅटवर तर तेवढंही नाही.

सरल आणि यूडायसच्या कामासाठी आपण विद्यार्थ्यांची माहिती पेनड्राइव्हवर घेऊन फिरतो. आधार क्रमांक, जन्मतारीख, पालकांचा मोबाइल, बँक खातं, जात. हा पेनड्राइव्ह एसटीत पडला तर परवानगीचे आकडे त्या मुलांचं काहीच रक्षण करत नाहीत. त्यासाठी सांकेतिक कुलूप लागतं, म्हणजे एन्क्रिप्शन. फक्त लिनक्सवर वापर असेल तर 'डिस्क्स' ॲपमध्ये फॉरमॅट करतानाच 'लक्स' पासवर्ड संरक्षण निवडता येतं (फॉरमॅट असल्याने आधीचा डेटा उतरवून घ्या). विंडोजवरही उघडायचं असेल तर अशा फाइली सेव्हन-झिपमध्ये भक्कम पासवर्ड लावून बांधा. पासवर्ड पेनड्राइव्हला चिकटवलेल्या कागदावर लिहू नका, एवढं आलंच.

८. थोडक्यात: अडचण आली की या क्रमाने जा

१. संदेश शब्दशः वाचा. 'रीड-ओन्ली' असेल तर मुद्दा ६ कडे जा; परवानग्यांना हात लावू नका.
२. 'परमिशन डिनाइड' असेल तर पेनड्राइव्ह कोणत्या खात्यात जोडला ते बघा. इजेक्ट करून आपल्या खात्यात पुन्हा लावा.
३. तरी नाही झालं तर फाइल सिस्टिम बघा.
४. फॅट३२ किंवा एक्सफॅट असेल तर जोडतानाच मालक सांगा. एनटीएफएसलाही जोडताना यूआयडी देता येतो.
५. ईएक्सटी४ असेल तर 'एलएस -एल'ने मालक पाहा आणि सीएचओन करा.
६. फॉरमॅट हा शेवटचा उपाय, आणि तोही डेटा उतरवून घेतल्यावरच.

मग शाळेसाठी कोणता प्रकार घ्यावा? विंडोज, लिनक्स, टीव्ही सगळीकडे फिरणारा पेनड्राइव्ह असेल तर एक्सफॅट. फार जुनी यंत्रं असतील तर फॅट३२. फक्त लिनक्स संगणकांच्या बॅकअपसाठी ठेवलेली डिस्क असेल तर ईएक्सटी४, कारण तिथे मूळ मालक आणि परवानग्या जपल्या जातात.

९. वर्गात कसं घ्याल?

चौथी-पाचवीच्या मुलांना हा भाग संगणकाशिवायही कळतो. दोन गट करा आणि प्रत्येक गटात मुलांना १ पासून क्रमांक द्या. पहिल्या गटातल्या मुलांनी कागदावर चित्र काढायचं, पण नाव न लिहिता फक्त क्रमांक लिहायचा. कागद दुसऱ्या गटाला द्या आणि विचारा, "हे चित्र कुणाचं?" चार नंबरचं मूल लगेच म्हणेल, "माझं!" इथे ईएक्सटी४ चा पाठ झाला. मग क्रमांकही नसलेले कागद वाटा आणि सांगा, "दारात जो घेईल, आज त्याचे." हा फॅटचा पाठ. शेवटी विचारा, दोन्ही पद्धतींत चित्र खऱ्या मालकाकडे परत जाण्यासाठी काय करायला हवं? मुलांची उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

पालकांनीही घरी हा खेळ घेऊन पाहावा. संगणक 'नाही' म्हणतो तेव्हा तो बिघडलेला असतोच असं नाही. त्याच्याकडची नोंद काय म्हणते ते आधी वाचायचं असतं, ही समज मुलांना लहानपणीच आली तर पुढे फार उपयोगी पडते.

या विषयावर आपल्या शाळेत आलेली एखादी वेगळी अडचण असेल तर जरूर कळवा. संदेशाचे नेमके शब्द आणि पेनड्राइव्हचा प्रकार तेवढा लिहा, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल.